गळती थांबलेलं पिंप

"सोतिर सिगारेट सोडेल त्या दिवशी फोन कर. आधी मला, मग बाकीच्या गावाला."

माग्दा हे मला रुग्णालयाच्या जिन्यात म्हणाली होती. मला आठवा महिना होता. मी कठड्याला टेकून धापा टाकत होते आणि ती दोन पायऱ्या वर, पांढऱ्या कोटाच्या खिशात हात घालून उभी. मी हसले. म्हटलं, "त्याच्याआधी आपल्या प्रिलेप गावाला समुद्र येईल."

"चेष्टा नाही, दाफिना. त्याचा डोस त्याच्या धुरावर बसवलाय. धूर बंद झाला की..."

पुढचं मी ऐकलंच नाही. पहिलंच वाक्य कानात अडकून बसलं होतं. आधी मला. का म्हणून? नवरा माझा, घर माझं, आणि त्या घरातल्या बातमीचा पहिला मान हिचा? मी मान हलवली, पिशवी उचलली आणि खाली उतरले. घरी पोचेपर्यंत ती काय म्हणाली ते विसरले. कुठल्या सुरात म्हणाली ते मात्र विसरले नाही.

माग्दाबद्दल सांगायलाच हवं. राजधानीत, स्कोप्येला, फार्मसीच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. मी गणित मांडायला घेईपर्यंत तिचं उत्तर तयार असायचं, आणि उत्तर काढून झाल्यावर ती पेन्सिल आडवी ठेवून खिडकीबाहेर बघत बसायची. मला त्या आडव्या पेन्सिलीचा राग यायचा. पण खरी गोष्ट त्याच्याही आधीची. शाळेत असताना माग्दा आणि सोतिर कुठल्याही लग्नात साखळीनाचाच्या टोकाला असायचे, हातात हात घालून, रुमाल फिरवत. अख्खं गाव त्यांचं लग्न धरून चाललं होतं. पुढे ती शिकायला गेली, मग आणखी शिकायला गेली, आणि सोतिरने माझ्याशी लग्न केलं. त्याला कधी विचारलं तर म्हणतो, "ती शिकायला गेली ना." 'मी तिला सोडलं' असं वाक्य त्याच्या तोंडून मी आजवर ऐकलेलं नाही. आणि मी कान देऊन ऐकते.

आता ती आमच्याच गावच्या रुग्णालयात औषधतज्ज्ञ आहे आणि मी बाळंतपणाआधीपर्यंत चौकातल्या औषधाच्या दुकानात होते. माझी सासू, स्तोयनाबाई, या गोष्टीवर मीठ चोळायची संधी सोडत नाही. "एकाच कॉलेजातून निघालात दोघी. ती कोट घालते, तू लंगोट धुतेस."

"तुमच्याच नातीचे धुते, आई."

"म्हणून तर गप्प बसलेय."

सोतिर संगमरवराच्या कारखान्यात करवतीवर असतो. ती पांढरी धूळ आणि जोडीला दिवसाला दोन पाकिटं, यांनी मिळून त्याच्या छातीत शिट्टी बसवली होती. फवाऱ्यांनी भागेना तेव्हा डॉक्टरांनी थिओफिलिनच्या गोळ्या सुरू केल्या. हे जुनं औषध आहे, आणि मोठं खोडीचं. रक्तात थोडं कमी पडलं तर छाती मोकळी होत नाही, थोडं जास्त झालं तर तेच विष. म्हणून डोस बसवायला त्याला माग्दाकडे धाडलं. तिने रक्त तपासलं, डोस वाढवला, पुन्हा तपासलं, पुन्हा वाढवला. शेवटी शिट्टी थांबली. त्या दिवशी सोतिर घरी आला तो जिना पळत चढून. मला मिठी मारून म्हणाला, "माग्दाने कमाल केली!" मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून त्या नावाचा चावा सोसला.

औषधाचा रोजचा राखणीचा डोस कसा काढतात, हे मलाही येतं. आमचे प्राध्यापक पहिल्याच तासाला फळ्यावर पिंप काढायचे, कोबीचं. आमच्याकडे थंडीच्या तोंडावर घरोघर कोबीचे गड्डे मिठाच्या पाण्यात भरून ठेवतात, त्यामुळे पिंप समजावून सांगावं लागत नाही. "या पिंपाला तळाशी भोक आहे," प्राध्यापक म्हणायचे. "पाणी एका रेषेवर राहायला हवं. किती ओताल?" कुणीतरी म्हणायचं, जेवढं गळतं तेवढं. "झालं! घरी जा. बाकी चार वर्षं आपण फक्त भोक मोजायला शिकणार आहोत." शरीर औषध किती वेगाने बाहेर टाकतं, ती गळती. तिला रक्तातल्या हव्या त्या पातळीने गुणलं की रोजचा डोस. अवघड असतं ते भोकच, कारण प्रत्येकाचं वेगळं, आणि एकाच माणसाचंही कायम सारखं राहत नाही. हे सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं. बरे गुणही मिळाले होते. माग्दाला माझ्याहून जास्त.

इस्क्रा झाली ती कोबी भरायच्या दिवसांत. आमच्याकडे बाळंतिणीने चाळीस दिवस उंबरा ओलांडायचा नाही. चाळीस झाले की बाळाला घेऊन देवळात जायचं, मग जग मोकळं. एरवी मी असल्या गोष्टींना हसते. पण पहिलं मूल झालं की हसणारी बाई कुठेतरी निघून जाते. इस्क्रा झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरून बसायची. श्वास लागला की दुसऱ्या मिनिटाला पुन्हा धरायची. आणि ती जागी असली की खिडकीशी बसून सोतिरकडे बघायची. दुसरं काम काय होतं? दूध पाजा, आणि बघा.

बघता बघता दिसायला लागलं.

आधी दिसली भूक. भरलेल्या मिरच्यांचं ताट तो ढकलून द्यायला लागला. सोतिर, जो लग्नाच्या मांडवातही पातेल्याच्या तळाशी पाव फिरवायचा! "भूक नाही" म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला. मग झोप गेली. मी पाजायला उठले की तो आधीच उठून ओसरीत येरझाऱ्या घालत असायचा. विचारलं तर म्हणायचा, "काही नाही, असंच." हात थरथरायचे. एकदा शर्टाची बटणं लावता लावता दोनदा चुकला आणि स्वतःशीच हसला. त्याच्या छातीवर डोकं ठेवलं तर आत कुणीतरी दार ठोठावत असल्यासारखं. मी म्हटलं, "पळत आलास का?" तर म्हणाला, "बाप झालोय, छाती फुगलीय."

असा माणूस मी एकदाच पाहिला होता: आमच्या लग्नाआधीचा सोतिर. तेव्हा तो माझ्यासाठी जेवत नव्हता, माझ्यासाठी झोपत नव्हता. आता कुणासाठी?

आणि शर्ट. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. धुवायच्या ढिगातून मी त्याचे शर्ट काढून नाकाला लावायची. बायकी अत्तर शोधत होते. अत्तर नव्हतं. त्याहून वाईट, काहीच नव्हतं. दगडाची धूळ, घाम, थोडा साबण. आमच्या गावात वळचणीला तंबाखूच्या माळा वाळतात, देवळातसुद्धा तोच वास येतो. आणि ज्या माणसाच्या रोमारोमात तो मुरलाय, त्याच्या शर्टाला काहीच वास नाही? मी एकच अर्थ लावला. हा घरी यायच्या आधी कुठेतरी अंघोळ करतो.

खिशात पुदिन्याच्या गोळ्या सापडल्या. पूर्वी कधी सापडल्या नव्हत्या.

घरात सिगारेट ओढायची नाही, असं बाळ आणलं त्याच दिवशी मी सांगून टाकलं होतं. तो अंगणात लाकडांच्या ढिगामागे जायचा. मला खिडकीतून फक्त त्याची पाठ दिसायची. संध्याकाळी मात्र तो निघून जायचा, आणि विचारलं की उत्तर ठरलेलं. "रुग्णालयात जाऊन येतो. रक्त द्यायचंय."

"परवाच दिलंस ना?"

"पुन्हा बोलावलंय."

"कुणी?"

"कुणी म्हणजे? त्यांनी."

त्यांनी! माग्दाला त्याने असं बहुवचन लावलेलं मी प्रथमच ऐकत होते.

सासूबाईंना मी आडून विचारलं. ओसरीच्या कोपऱ्यात त्यांचं लाकडी पिंप होतं, त्यांच्या वडिलांच्या वेळचं. सगळं गाव प्लास्टिकवर गेलं, या गेल्या नाहीत. यंदा पिंप उन्हाळाभर कोरडं राहिलं म्हणून फळ्यांमध्ये भेग पडली होती आणि खारं पाणी झिरपत होतं. रोज सकाळी कॉफी उकळायच्या आधी त्या मिठाच्या पाण्याचा एक मोठा मग भरून वरून ओतायच्या, म्हणजे गड्डे उघडे पडत नाहीत.

"आई, सोतिर हल्ली फार बाहेर असतो, नाही?"

"पुरुष आहे. चाळीस दिवस बायको हात लावू देत नाही. घरात बसून काय लोकर विंचरणार?" त्यांनी मग रिकामा केला आणि माझ्याकडे बघितलं. "कोण, माग्दा का?"

मी उगाच पिंपाचं झाकण सारखं केलं.

"तिची काळजी करू नकोस. तिला हवा असता तर तेव्हाच घेऊन गेली असती."

हे सांत्वन होतं. त्यांच्या मते.

त्या रविवारी घरात पाहुणे आले होते. बाळाच्या नावाने तळलेली मेकित्सी, म्हणजे आमच्या फुगलेल्या पुऱ्या, कॉफीवर कॉफी, आणि प्रत्येक कपाबरोबर सोतिरसमोर पुढे केलेलं पाकीट. त्याने एकेकाला हाताने थांबवलं. "आत्ताच ओढली." कॉफी मात्र सगळ्यांबरोबर प्यायला. पाहुणे गेले तसा उठला, चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. मोरीत जाऊन आला. उलटीचा आवाज मी ऐकला आणि न ऐकल्यासारखं केलं. मग तो जाकीट चढवायला लागला.

"कुठे?"

"रक्त द्यायला."

"रविवारी?"

तो थांबला. बाही अर्धी चढलेली. "कुणाची तरी ड्यूटी असतेच ना, दाफे."

"असते ना. तिचीच असेल."

"कुणाची?"

"तू सांग."

तो माझ्याकडे बघत राहिला. ओठ कोरडे, डोळे चकाकणारे, एक हात बटणाशी थरथरत. काहीतरी सांगणार असं वाटलं. मग त्याने इस्क्राच्या पाळण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "थोडे दिवस थांब. सगळं सांगतो." आणि गेला.

थोडे दिवस थांब! म्हणजे सांगण्यासारखं आहे. मी पाळण्याची दांडी घट्ट धरून उभी राहिले. कपडे कुठले घ्यायचे, इस्क्राला घेऊन आईकडे कसं जायचं, गावात काय सांगायचं, इथपर्यंत मी मनात पोचले होते.

तेवढ्यात ओसरीतून सासूबाई ओरडल्या. मी धावले. लाद्यांवर खारं पाणी पसरलं होतं, उंबऱ्यापर्यंत आलेलं. त्यांच्या कापडी सपाता चिंब. हातात तो मग.

"काय झालं?"

"काय होणार! पाहुण्यांच्या गडबडीत सकाळी ओतायचं राहिलं, म्हणून आत्ता ओतलं, तर सगळं अंगावर."

"पण गळत होतं ना?"

"गळत होतं तेव्हा होतं. लाकूड पाणी पिऊन फुगलं, भेग मिटली. मला कुठे लक्षात, मी आपली रोजच्या हिशेबाने मग ओततेय. दोन-तीन दिवस काठोकाठ आलं असणार." त्या फडकं शोधायला लागल्या. "बघत काय उभी राहिलीस? तुझे पाय भिजतायत."

माझे पाय भिजत होते. मी त्या पिंपाकडे बघत होते. गळती थांबली आणि हात थांबला नाही.

धूर सोतिरच्या यकृताला हाकत होता. निकोटीन नव्हे, धूरच. त्यातल्या काजळीने यकृत औषध दुप्पट वेगाने निकालात काढतं. म्हणून त्याच्या पिंपाला मोठं भोक. म्हणून माग्दाने डोस वाढवत वाढवत एवढ्यावर नेला. आणि धूर बंद झाला तर थोड्याच दिवसांत भेग मिटते. गोळ्या मात्र त्याच. तेवढ्याच, सकाळ-संध्याकाळ, इमानेइतबारे.

शर्टाला वास नव्हता, कारण तो कुठे अंघोळ करत नव्हता. तो ओढतच नव्हता. भूक नाही, झोप नाही, हात थरथरतात, छाती धडधडते, उलटी. हे प्रेम नव्हतं. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, याच क्रमाने, आणि या यादीच्या शेवटी काय असतं तेही लिहिलं होतं: झटके, आणि हृदय बंद पडणं.

मी सोतिरला फोन लावला. तो वाजला घरातच, टेबलावर, मेकित्सीच्या ताटलीशेजारी.

मग मी माग्दाला फोन लावला. नंबर पाठ होता. शत्रूचा असतो.

"दाफिना? बाळ बरं आहे ना?"

"सोतिर तुझ्याकडे आहे का?"

ती गप्प झाली. तेवढ्या वेळात मी काय मागत होते ते सांगते. हो म्हण. तुझ्या घरात आहे म्हण, तुझ्या पलंगावर आहे म्हण, तुझ्या मांडीवर डोकं ठेवून पडलाय म्हण. तू त्याचा हात धरला असशील तर तुला नाडी लागली असेल, आणि तुला ती मोजता येते. इतके दिवस ज्याच्यासाठी जळत होते, तेच मी त्या क्षणी देवाकडे मागत होते.

"माझ्याकडे?" ती म्हणाली. "बाळ झाल्यापासून तो आलेलाच नाही. मी दोनदा निरोप धाडला, रक्त द्यायला ये म्हणून. मला वाटलं, तूच येऊ देत नसशील."

"त्याने सिगारेट सोडलीय, माग्दा."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "कधी?"

"माहीत नाही. मलाही सांगितलं नाही. शर्टाला वास येत नाही."

"उलट्या?"

"आज झाली."

"गाडी काढते. दारात उभी राहा."

सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. ओलं फडकं तसंच हातात. "तो जुन्या किल्ल्याच्या बुरुजांच्या वाटेवर असतो," त्या म्हणाल्या. "रोज संध्याकाळी डोंगरावर चढताना दिसतो, शेजारीण सांगत होती. मला वाटलं, तुझ्यापासून लपून ओढायला जातो."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू माग्दाचं विचारत होतीस. डोंगराचं कुठे विचारलंस?"

मी इस्क्राला त्यांच्या हातात दिलं आणि चपला शोधायला लागले. त्यांचे डोळे मोठे झाले. चाळीस झालेले नव्हते. क्षणभर त्या दाराच्या मध्ये उभ्या राहिल्या. मग गळ्यातल्या डबीतून दृष्टीचा लाल दोरा काढून माझ्या मनगटाला तीन वेढे घातले आणि बाजूला झाल्या. "जा. त्याला घेऊन ये. देवाशी मी बोलते."

माग्दाची गाडी स्वच्छ होती. कुठे बिस्किटाचा चुरा नाही, कसला डाग नाही. अशा वेळीही ते माझ्या डोळ्यांनी टिपलं.

"मी तुला सांगितलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मग?"

"तू म्हणालीस, आधी मला."

"मग?"

"म्हणजे काय? त्याची बातमी आधी तुला का?"

तिने रस्त्यावरून नजर काढून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे. "तू वेडी आहेस का, दाफिना? आधी मला, कारण गावाला कळलं की गाव त्याचं कौतुक करणार. कौतुक म्हणजे कॉफी. आणि कॉफीसुद्धा त्याच भोकातून गळते. ते मिटलं की तीही आत साठते."

आज दुपारी त्याच्यासमोर ठेवलेले कप माझ्या डोळ्यांसमोरून गेले. ते मीच भरले होते.

"आणि दुसरं म्हणजे," माग्दा गिअर बदलत म्हणाली, "मला नाचात त्याच्याशेजारी का उभं करायचे माहितीये? दोघेही उंच होतो म्हणून. तो सारखा माझ्या पायावर पाय द्यायचा."

मी त्यावर विश्वास ठेवला नाही.

जिथे गाडीवाट संपते तिथून थोड्याच अंतरावर तो दिसला. मोठ्या गोल खडकाला टेकून बसलेला, जाकीट बाजूला, शर्टाची वरची बटणं उघडी, मातीत उलटी. आम्ही दोघी एकदम चढताना पाहून त्याने डोळे मिटले.

"दोघी एकत्र," तो म्हणाला. "म्हणजे मेलोच मी."

"कधी सोडलीस?" माग्दाने बसता बसता विचारलं. बोटं आधीच त्याच्या मनगटावर.

तो माझ्याकडे बघून ओशाळा हसला. दात एकमेकांवर आपटत होते. "कुणी सांगितलं? मी चाळीसाव्या दिवशी देवळात सांगणार होतो. दरवेळी आधी सांगतो आणि दरवेळी आई हसते. म्हटलं, यंदा आधी करून दाखवू."

"सोतिर, कधी?"

"इस्क्रा घरी आली त्या दिवशी. दाफे म्हणाली ना, तुझ्या हाताला वास येतो म्हणून बाळ तोंड फिरवतं." मग मला म्हणाला, "चहाच्या टपरीवर गेलं की पाकीट पुढे, घरी पाहुणे आले की पाकीट पुढे. म्हणून इथे येऊन बसायचो. इथे कुणी देत नाही. पण सोडल्यापासून असं होतंय. लोक म्हणतात, सुटताना त्रास होतोच. म्हटलं, होईल बरं."

माग्दाची बोटं अजून त्याच्या मनगटावर होती. ओठ हलत होते, मोजत होती. मी तिच्या बोटांकडे बघत होते. इतके दिवस मनात रंगवलेला प्रसंग शेवटी माझ्या डोळ्यांसमोर घडत होता, ती त्याचा हात धरून बसलेली. आणि मला वाटत होतं, सोडू नको. मोजून पुरं कर.

"चुकतेय नाडी," ती म्हणाली. "दुसऱ्या बाजूने धर त्याला."

रुग्णालयात त्याला यंत्राला जोडलं, पोटातलं औषध शोषून घेणारी कोळशाची काळी पूड पाण्यात कालवून पाजली. रक्तातली पातळी हवी त्याच्या जवळजवळ दुप्पट आली. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस अशाच गोळ्या गेल्या असत्या तर कारखान्यात करवतीसमोर उभा असताना पडला असता. मी तेवढ्यावरच थांबायला सांगितलं.

पण थांबणं मला कुठे जमणार होतं? दूध भरून आलं होतं, ब्लाउज ओला, आणि घरी इस्क्रा भुकेने आकांत करत असणार. माग्दाने माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. तिला मूल नाही, तरी कळलं, याचाही मला राग आला.

"जा तू," ती म्हणाली. "मी बसते त्याच्याजवळ."

हेच वाक्य. रोज खिडकीशी बसून मला ज्याची भीती वाटायची, तेच. मी सोतिरकडे बघितलं. तो झोपेला आला होता, कितीतरी दिवसांनी. मी त्याचा हात चादरीखालून काढला आणि तिच्याकडच्या बाजूला ठेवला. मग घरी गेले.

दुसऱ्या दिवशी इस्क्राला कुशीत गुंडाळून परत आले, तेव्हा माग्दा कालच्याच कपड्यांत होती, केस विस्कटलेले. नाडी सरळ झाली होती. तिने माझ्यासमोर एक कोरा कागद सरकवला. "नवा डोस तू काढ. मी ताडून बघते."

"तू काढलेला असेलच."

"काढलाय. तरी काढ."

जुन्या पातळीवरून जुनी गळती काढली, काल आलेल्या पातळीवरून नवी. मग नव्या गळतीला हव्या त्या पातळीने गुणलं. सावकाश. तिने पेन्सिल आडवी ठेवली नव्हती, खिडकीबाहेर बघत नव्हती. माझ्या आकड्यांवर लक्ष ठेवून होती. उत्तर आलं, तिने स्वतःचा कागद उलटा केला. तेच होतं. जुन्या डोसाच्या निम्म्याहून किंचित जास्त. सोतिर पलंगावरून म्हणाला, "दोघींनी मिळून मला निम्मा केला." सासूबाईंनी पिंपाचा मग त्याच दिवशी माळ्यावर टाकला.

माझा हेवा गेला असं मी म्हणणार नाही. सोतिर आता वेळच्या वेळी रक्त द्यायला जातो आणि मी घड्याळाकडे बघते. उशीर झाला की तिला फोन करते, "आला का?" ती "आलाय" म्हणाली की छातीत एक बारीक कळ येते आणि जीव भांड्यात पडतो, दोन्ही एकदमच. त्याला औषधाची चाळीस वर्षं काढायची आहेत. मला या दोन्हीची सवय होईल.

पण तुमच्याही ओळखीत कुणीतरी असेल, नुकतीच सिगारेट सोडलेला, आणि दम्याची, मनाच्या आजाराची किंवा आणखी कसली रोजची गोळी घेणारा. सगळे त्याचं कौतुक करत असतील. त्याला आज भेटा. जेवतो का, झोपतो का बघा, हात हातात घ्या. गोळी स्वतःहून बंद करायला सांगू नका. फक्त विचारा, सिगारेट सोडल्याचं डॉक्टरांना सांगितलंस का? आणि तो "हो, सांगतो थोड्या दिवसांनी" म्हणाला, तर तिथून उठू नका. त्याच्यासमोरच फोन लावा.